शहराच्या पर्यावरणाला एकच गुण देता येतो का?

अक्षांश

नगररचनेचं काम करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांनाही हा प्रश्न आहे.

शहराचा किंवा प्रदेशाचा विकास आराखडा करायच्या आधी तिथल्या पर्यावरणाची सद्यस्थिती तपासावी लागते. हवा, पाणी, आवाज, माती, हिरवाई, उष्णता, पूर, कचरा. प्रत्येकाचं एकक वेगळं, मोजण्याची पद्धत वेगळी, काळ वेगळा. शेवटी सगळ्याची मोट बांधली जाते. प्रत्येक घटकाला ० ते १०० मधले गुण, त्यावर महत्त्वानुसार भारांक, मग बेरीज, आणि प्रभागवार रंगवलेला एक नकाशा. हिरवा म्हणजे चांगला, लाल म्हणजे वाईट. बैठकीत हाच नकाशा सगळ्यांना आवडतो.

मला तो धोकादायक वाटतो. प्रभाग लाल कशामुळे झाला हेच त्यात पुसलं जातं. हवेमुळे लाल झालेल्या भागात वाहतूक वळवावी लागेल, पुरामुळे लाल झालेल्या भागात बांधकाम थांबवावं लागेल. दोघांचा रंग मात्र एकच.

पण निर्णय घेणाऱ्यांपुढे तक्त्यांचा ढीग टाकूनही चालत नाही. मग ही गुणवत्ता ठरवायची कशी? अनुभव लिहा. विरोधी मत असेल तर ते आधी लिहा.

पानगळ

वाचतेय. चांगला धागा.

आलेखकार

विरोधी मत मागितलंत, तर घ्या. असा एकत्रित गुण, म्हणजे निर्देशांक, हवाच.

१९७१ साली अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाने लिओपोल्ड सारणी आणली. एका बाजूला १०० प्रकारच्या कृती, दुसऱ्या बाजूला पर्यावरणाचे ८८ घटक. म्हणजे ८,८०० चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत परिणाम केवढा आणि तो महत्त्वाचा किती असे दोन आकडे. विचार करायला शिस्त लावणारी म्हणून ती सारणी मोलाचीच आहे, पण ती घेऊन रस्त्याची आखणी ठरवायला कोण बसणार? माहिती आवरता आली नाही तर ती वापरलीच जात नाही, आणि मग निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जातो. निर्देशांक निदान सगळ्यांना एका पानावर आणतो.

भारांक मनमानी असतात ही तक्रार नेहमीची आहे. त्यावर पद्धती आहेत. गणितज्ञ थॉमस साटी यांच्या श्रेणीबद्ध विश्लेषणात घटकांची जोडीजोडीने तुलना करून घेतात आणि उत्तरं परस्परविरोधी आहेत का हेही तपासतात. विसंगतीचं गुणोत्तर ०.१ च्या वर गेलं की तुलना पुन्हा करायला सांगायची. यात लपवाछपवी राहत नाही.

मृद्गंधा

@आलेखकार, भारांक कितीही नीट काढा, खोट बेरजेतच आहे. बेरजेत एका घटकातलं वाईट दुसऱ्या घटकातल्या चांगल्याने भरून निघतं. भूजलात आर्सेनिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मार्गदर्शक पातळी लिटरला १० मायक्रोग्रॅम. समजा एखाद्या वस्तीत ती कितीतरी पटीने ओलांडली आहे, पण तिथे झाडं भरपूर, आवाज कमी, हवा स्वच्छ. बेरीज उत्तम येईल. तिथल्या माणसाने झाडं बघत विष प्यायचं का?

हा धोका ओळखूनच मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून भूमितीय सरासरी घेतली. त्यात एखादा घटक फार खाली गेला की एकूण आकडाही खाली खेचला जातो. पर्यावरणात मला तेवढंही पुरेसं वाटत नाही. काही गोष्टींना उंबरठा असतो. तो ओलांडला की ती जागा घरांसाठी बाद. तिचे गुण काढायचेच नाहीत.

आलेखकार

मृद्गंधा, उंबरठ्याचं मान्य. तसं असेल तर हवेच्या निर्देशांकासारखं करता येईल. बऱ्याच देशांत प्रत्येक प्रदूषकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट तोच अंतिम धरतात. सरासरी नाहीच, त्यामुळे भरपाईही नाही.

मृद्गंधा

आजची सूचना द्यायला ते चांगलं. आज बाहेर पळायला जावं का, याचं उत्तर मिळतं. पण आराखडा वीस वर्षांसाठी असतो. एकाच घटकाने वाईट असलेली जागा आणि पाच घटकांनी वाईट असलेली जागा यांना त्या पद्धतीत सारखाच आकडा मिळेल. दुसऱ्या जागी राहणाऱ्यांवर पाच ओझी आहेत, ती कुठे दिसणार?

रातकिडा

आवाजाबद्दल लिहितो, कारण अहवालात त्याला बहुधा अर्धं पान मिळतं.

डेसिबल ही लॉगॅरिदमिक मोजपट्टी आहे. ६० आणि ६० मिळून ६३ होतात, १२० नाही. तसंच ६० आणि ७० ची साधी सरासरी ६५ येते, पण ध्वनिऊर्जेची सरासरी काढली तर ६७.४ च्या आसपास. आधी प्रत्येक घटकाचे गुण काढून मग सरासरी घेणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. युरोपात २००२ च्या निर्देशानुसार एक लाखाहून जास्त वस्तीच्या नागरी क्षेत्रांचे ध्वनिनकाशे दर पाच वर्षांनी करावे लागतात. त्यात जो दिवस-संध्याकाळ-रात्र निर्देशांक वापरतात त्यात संध्याकाळच्या आवाजात ५ आणि रात्रीच्या आवाजात १० डेसिबल मिळवतात, कारण तोच आवाज रात्री जास्त त्रास देतो. रस्त्यावरच्या वाहतुकीसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये सुचवलेली पातळी या निर्देशांकात ५३, आणि नुसत्या रात्रीसाठी ४५. आपण भर दुपारी चौकात यंत्र धरून मोजतो आणि तो आकडा त्या भागाचा म्हणून छापतो. झोपमोड कुठे होते ते त्यातून कसं कळणार?

कंपास

रातकिडा यांनी रात्रीच्या आवाजावर लिहावं यापेक्षा योग्य वाटणी नाही :)

रातकिडा

@कंपास, माझा आवाजही नकाशात घ्या, हरकत नाही :)

जलरेषा

वेळेच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. पाण्यात तर वेळ चुकली की निष्कर्षच उलटा होतो.

सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळालेल्या तळ्यात शेवाळ माजतं. दुपारी उन्हात ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि पाण्यात इतका ऑक्सिजन सोडतं की विरघळलेल्या ऑक्सिजनचं प्रमाण संपृक्ततेच्याही वर जातं. रात्री मात्र सगळेच श्वसन करतात आणि पहाटेपर्यंत ऑक्सिजन अगदी कमी होतो. मासे मरतात ते तेव्हा. नमुना कधी घेतात? कार्यालयीन वेळेत. मग अहवालात येतं की तळं उत्तम.

म्हणून मी नेहमी सुचवते की रासायनिक तपासणीच्या जोडीला तळाचे कीटक बघा. बाटलीतलं पाणी त्या क्षणाचं असतं. दगडाखाली राहणाऱ्या अळ्या तिथेच महिनोन्महिने काढतात, त्यामुळे मधल्या काळात कोणी रात्रीत काही सोडून गेलं असेल तरी ते त्यांच्या नसण्यातून कळतं. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या कीटकांच्या अळ्या प्रदूषण फारसं सोसत नाहीत. त्या गेल्या आणि फक्त लाल रंगाच्या कायरोनॉमिड अळ्या आणि गाळातले बारीक किडे उरले, की पाण्याची अवस्था सांगायला वेगळं कोणी लागत नाही. अशा मोजणीला गुण द्यायच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत आणि थोड्या सरावाने शाळकरी मुलंही त्या शिकतात.

सरळरेघ

सगळं वाचून छान वाटतंय, पण हे करतं कोण? मी काही वर्षांपूर्वी एका शहराचा पर्यावरण अहवाल वाचला होता. शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, आणि वनस्पतींच्या यादीत खारफुटी. दुसरीकडचा मजकूर जसाच्या तसा उचललेला. हरकती घ्यायच्या मुदतीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण अहवाल इतका जाड होता की कोणी उघडलाच नव्हता. पद्धतीच्या चर्चेआधी एक नियम हवा. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठे, कधी, कोणत्या यंत्राने मोजला ते लिहा. ते नसेल तर तो आकडा अहवालात घेऊ नका.

पानगळ

सरळरेघ, खारफुटी वाचून हसावं की रडावं कळेना. या नियमाला +१.

झळ

उष्णतेच्या नकाशांबद्दल थोडं सविस्तर, कारण हल्ली प्रत्येक आराखड्यात उपग्रहाचा एक लालभडक नकाशा असतोच.

लँडसॅट उपग्रह एखाद्या जागेवरून जातो तो साधारण सकाळी दहाच्या सुमारास. तो मोजतो पृष्ठभागाचं तापमान: छपराचं, डांबराचं, झाडाच्या शेंड्याचं. माणूस ज्या हवेत वावरतो तिचं तापमान वेगळं. शिवाय शहर आणि आजूबाजूचा प्रदेश यांच्या हवेतला फरक रात्री जास्त असतो. लंडनच्या नोंदी ठेवणाऱ्या ल्यूक हॉवर्डने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ते दाखवून दिलं होतं. दिवसभर भिंतींनी साठवलेली उष्णता रात्री बाहेर पडते, आणि अरुंद गल्लीत तिला निघायला आकाशही पुरेसं मोकळं नसतं. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना जीवघेणी ठरते ती ही रात्र, आणि सकाळी दहाच्या चित्रात ती येत नाही. त्यात लँडसॅट ८ आणि ९ च्या औष्णिक पट्ट्यांचा मूळ तपशील १०० मीटरचा. नकाशा ३० मीटरच्या चौकटींत मिळतो म्हणून एकेका इमारतीबद्दल निष्कर्ष काढू नयेत.

आता अक्षांश यांच्या मूळ प्रश्नाशी जोडते. जर्मनीतलं स्टुटगार्ट खोलगट जागी वसलेलं, वारा कमी. तिथल्या नगरपालिकेत १९३८ पासून हवामानाचा अभ्यास करणारा विभाग आहे. त्यांनी प्रदेशाचा हवामान नकाशासंग्रह केला आणि त्यात शहर कुठे तापतं याच्या बरोबरीने रात्री थंड हवा कुठे तयार होते आणि कुठल्या उतारावरून, कुठल्या दरीतून शहरात उतरते तेही दाखवलं. त्या वाटांवर आणि उतारांवर बांधकामाला मर्यादा घालण्यासाठी तो नकाशा वापरतात. हाँगकाँगनेही २००३ च्या सार्सच्या साथीनंतर मोठ्या प्रकल्पांसाठी हवा खेळती राहील का याचं मूल्यमापन सुरू केलं.

सांगायचा मुद्दा असा की तो रिकामा, गवताळ उतार कुठल्याही निर्देशांकात फार गुण मिळवणार नाही. तिथे कोणी राहत नाही, मोठी झाडं नाहीत, दुर्मीळ प्राणी नाहीत. पण खाली राहणाऱ्या हजारो लोकांची झोप त्याच्यावर अवलंबून आहे. जागेची स्वतःची गुणवत्ता आणि ती जागा दुसऱ्यांसाठी करत असलेलं काम या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. प्रभागवार गुण देण्याच्या पद्धतीत दुसरी गोष्ट पूर्णपणे सुटते.

माळरान

झळ, शेवटचा परिच्छेद नगररचनेच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावायला हवा.

गवताळ जमिनीचा विषय निघालाच आहे तर, उपग्रहावरून काढलेला हरिततेचा निर्देशांक लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून ठरतो. पाणी मारून हिरवीगार ठेवलेली, रसायनं घातलेली हिरवळ त्यात वरचा क्रमांक पटकावते. कोरड्या ऋतूत पिवळं पडलेलं नैसर्गिक गवताळ रान जवळजवळ उघड्या मातीइतकं दिसतं. मग नकाशावर ते पडीक म्हणून रंगवलं जातं आणि नवीन वसाहत, कचराभूमी, गोदामं सगळं तिकडे ढकललं जातं. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, कीटक, मुरणारं पाणी, कशाचाच हिशेब नाही. पाणथळ जागांचंही हेच. वर्षातले काही महिने कोरडी दिसणारी पाणथळ उन्हाळी चित्रावरून ठरवली तर ती नाहीशीच होते. निदान दोन ऋतूंची चित्रं घेतल्याशिवाय जमीन वापराचा नकाशा मान्य करू नये असं माझं ठाम मत आहे.

आलेखकार

@माळरान, पटलं. पण लोकांसाठी हिरवाई मोजायची तर सोपे निकषही लागतात. सेसिल कोनायनेंडाइक यांचा ३-३०-३०० नियम मला आवडतो. घरातून निदान ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के वृक्षछाया असावी आणि बाग ३०० मीटरच्या आत असावी.

कंपास

३०० मीटर कसे मोजणार? नकाशावर वर्तुळ काढून की पायी चालून? मधे लोहमार्ग किंवा जलदगती मार्ग असेल तर ३०० मीटरवरची बाग गाठायला लांबचा वळसा पडतो. वर्तुळ काढणाऱ्या संगणकाला ते कळत नाही, वॉकर घेऊन चालणाऱ्या आजीला कळतं. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर काढायची सोय आज सगळ्या आज्ञावल्यांमध्ये आहे, वापरली पाहिजे.

आणि प्रभागाच्या सरासरीबद्दल बोलायलाच हवं. प्रभागाच्या हद्दी लोकसंख्येवर ठरतात, प्रदूषण त्या पाळत नाही. त्याच नोंदी वेगळ्या हद्दींत बसवल्या की निष्कर्ष बदलतो, हा भूगोलातला जुना आणि नीट अभ्यासलेला प्रश्न आहे. मोठ्या बंगल्यांचा भाग आणि कारखान्याला चिकटलेली वस्ती एकाच प्रभागात असली की सरासरी बरी दिसते, आणि वस्तीतल्या मुलाच्या छातीत काय चाललंय ते त्या सरासरीत हरवतं.

अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये १९७९ च्या सुमारास रॉबर्ट बुलार्ड या समाजशास्त्रज्ञाने कचराभूमी कुठे आहेत ते शोधून काढलं. शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत होत्या, आणि शहरात त्या समाजाची लोकसंख्या साधारण चौथा हिस्सा. एकूण शहराच्या सरासरीत हे दिसलंच नसतं. गुणवत्ता किती, याच्याबरोबर ती कोणाच्या वाट्याला किती हे मोजलंच पाहिजे.

मृद्गंधा

कंपास, याचं एक चांगलं उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे. तिथल्या पडताळणी पद्धतीत जनगणनेच्या लहान लहान विभागांसाठी दोन गट काढतात. प्रदूषणाचा भार एका गटात, आणि लोकांची नाजूक अवस्था, म्हणजे दमा, कमी वजनाची बाळं, गरिबी, बेरोजगारी वगैरे दुसऱ्या गटात. मग दोन्हींचा गुणाकार करतात. प्रदूषण तेवढंच असेल तरी जिथली माणसं आधीच पिचलेली आहेत तिथला आकडा मोठा येतो. राज्याचा हवामान निधी कुठे खर्चायचा ते ठरवायला तो वापरतात.

आलेखकार, बघा, निर्देशांकाला माझा सरसकट विरोध नाही. निधी वाटायला, प्राधान्य ठरवायला तो चालेल. जागा कशासाठी योग्य ते ठरवायला चालणार नाही.

आलेखकार

हा फरक मला मान्य. इथे आपली गाडी एका रुळावर आली.

सरळरेघ

जिथे हवा मोजायचं यंत्रच नाही तिथलं काय? शहराच्या कडेच्या वस्त्यांत आणि नव्याने वाढणाऱ्या गावांत बहुतेक वेळा एकही केंद्र नसतं. नकाशावर तिथे जवळच्या केंद्राचा आकडा पसरवतात.

आलेखकार

तिथे स्वस्त संवेदक लावता येतात, पण जपून. ते लेझर प्रकाशाच्या विखुरण्यावरून सूक्ष्म कण मोजतात. हवेत दमटपणा वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि संवेदक जास्त आकडा दाखवतो. म्हणून आधी काही काळ ते प्रमाणित केंद्राशेजारी ठेवून दुरुस्तीचं सूत्र काढावं लागतं, आणि तेही वेगवेगळ्या ऋतूंत.

नायट्रोजन डायऑक्साइडसाठी याहून साधा उपाय म्हणजे हवेतला वायू आपोआप शोषणाऱ्या विसरण नळ्या. वीज नको, आवाज नाही. दोन ते चार आठवडे टांगून ठेवायच्या आणि प्रयोगशाळेत पाठवायच्या. तासागणिक चढउतार कळत नाहीत, पण आराखड्याला दीर्घ सरासरीच हवी असते. रस्त्यालगत आणि रस्त्यापासून दूर अशा रांगेत लावल्या तर प्रदूषण किती अंतरावर ओसरतं ते स्वच्छ दिसतं. मग शाळा रस्त्यापासून किती आत हवी यावर वाद घालायला हातात काहीतरी असतं.

तुलना कशाशी करायची तेही लिहून ठेवा. सूक्ष्म कणांसाठी, म्हणजे पीएम २.५ साठी, जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक पातळी २००५ मध्ये घनमीटरला १० मायक्रोग्रॅम होती, २०२१ मध्ये ती ५ केली. राष्ट्रीय मानकं बहुतेक ठिकाणी याहून सैल आहेत. "मर्यादेत आहे" असं वाक्य अहवालात दिसलं की कोणाच्या मर्यादेत ते विचारा.

जलरेषा

धाग्याच्या प्रश्नात "प्रदेश" हा शब्दही आहे, त्यावर फारसं कोणी बोललं नाही.

शहराचं पाणी शहराच्या हद्दीत तयार होत नाही. न्यूयॉर्कला बहुतांश पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअर या दूरच्या पाणलोटांतून येतं. नव्वदच्या दशकात गाळणी प्रकल्प बांधायची वेळ आली, तेव्हा तो अवाढव्य खर्च करण्याऐवजी पाणलोट सांभाळायचा पर्याय निवडला गेला. १९९७ मध्ये शहर, राज्य, केंद्रीय पर्यावरण संस्था, पाणलोटातली गावं आणि पर्यावरण संघटना यांच्यात करार झाला. शहर वरच्या भागात मालक राजी असेल तिथे जमिनी विकत घेतं, गावांच्या मैलाशुद्धीकरणाला आणि शेतकऱ्यांच्या सुधारणांना पैसे देतं. त्या पाणलोटांतलं पाणी आजही गाळणी न करता, फक्त निर्जंतुक करून पुरवलं जातं.

सद्यस्थिती अहवालाची सीमा नगरपालिकेच्या हद्दीवर संपवली असती तर हा पर्याय कागदावर आलाच नसता. म्हणून अभ्यासक्षेत्र आधी पाणलोटावरून, वाऱ्याच्या दिशेवरून ठरवा आणि प्रशासकीय हद्दी शेवटी त्यावर काढा.

अक्षांश

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचून काढलं. आता मला जे करायचंय ते लिहितो, त्यावर हल्ला करा.

एका नकाशाऐवजी तीन पत्रकं. पहिल्यावर उंबरठे: पूररेषा, दूषित जमीन, दूषित भूजल, धोकादायक उतार. इथे गुण नाहीत, फक्त घरांसाठी हो किंवा नाही. दुसऱ्यावर जागा दुसऱ्यांसाठी काय काम करते ते: थंड हवेच्या वाटा, पाणी मुरण्याच्या जागा, पाणथळी, गवताळ रानं, पाणलोटाचा वरचा भाग. तिसऱ्यावर माणसांवरचा भार, लहान विभागांनुसार, आणि तिथे कॅलिफोर्नियासारखा गुणाकार.

एकावर एक पारदर्शक नकाशे ठेवायची पद्धत भूदृश्यरचनाकार इयन मॅकहार्ग यांनी १९६९ च्या पुस्तकात मांडली होती. न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या मार्गासाठी त्यांनी नुकसान जास्त तिथे गडद छटा दिली, थर एकत्र ठेवले आणि फिकट पट्ट्यातून मार्ग शोधला. मला तीच वृत्ती ठेवायची आहे, पण थरांची सरसकट बेरीज टाळून. श्रेणी १ ते ५ हा नुसता क्रम आहे. उताराची ४ आणि आवाजाची ४ मिळवून ८ होत नाहीत.

आलेखकार

चांगलं आहे. एक त्रुटी. हे सगळं आजचं चित्र आहे. युरोपच्या २००१ च्या धोरणात्मक पर्यावरण मूल्यमापनाच्या निर्देशात आराखडा केलाच नाही तर पर्यावरण कसं बदलत जाईल तेही लिहायला सांगितलंय, शिवाय पर्यायांची तुलना आणि अंमलबजावणीनंतरची देखरेखही. तिन्ही पत्रकं आजच्यासाठी, काहीच न केल्यास होणाऱ्या स्थितीसाठी आणि प्रत्येक पर्यायासाठी वेगवेगळी काढा. दोन पर्याय शेजारी ठेवले की बैठकीत लोक रंगावर न बोलता फरकावर बोलतात.

झळ

आणि तिसऱ्या पत्रकात रात्रीचं हवेचं तापमान हवंच. निवडक गल्ल्यांत छायेत बसवलेले नोंदमापक एक पूर्ण उन्हाळा ठेवा, उपग्रहावर भागवू नका.

पानगळ

एक सामान्य वाचक म्हणून विचारते. आमच्यासारख्यांना हरकत घ्यायची असेल, मुदत कमी असेल, तर आधी काय तपासावं?

सरळरेघ

पानगळ, आधी मोजणीच्या जागांचा नकाशा मागा. तुमच्या वस्तीजवळचा बिंदू कुठला, तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वेळी मोजला ते बघा. बिंदूच नसेल तर तीच तुमची पहिली हरकत, लेखी द्या आणि पोच घ्या.

जलरेषा

आणि दुसरी हरकत जमीन वापराच्या नकाशावर. "पडीक" किंवा "मोकळी जागा" असं लिहिलेल्या तुकड्यांची यादी काढा आणि पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का, कोण गुरं चारतं, कोणते पक्षी येतात ते जुन्या रहिवाशांना विचारून तारखेसह फोटो जोडा. तोंडी सांगितलेलं इतिवृत्तात येत नाही, फोटो जोडला की उत्तर द्यावं लागतं.

पानगळ

दोघांचे आभार. आमच्याकडच्या नकाशात असे तुकडे बरेच आहेत. या आठवड्यात यादी करायला घेते. यादी झाली की इथेच टाकेन, माळरान यांनी गवताळ जागांवर नजर टाकावी.

माळरान

नक्की. अक्षांश-रेखांश आणि फोटोचा महिना तेवढा लिहा.